पेरणीनंतर शुल्काला हात लावू नका

कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क कायमचे उठवावे, ही वस्त्रोद्योगाच्या संघटनांची जुनी मागणी आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ती तात्पुरती मान्य केली. आधी 19 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर एवढ्यापुरते शुल्क माफ झाले आणि दहा दिवसही उलटले नाहीत तोच ही माफी 31 डिसेंबरपर्यंत लांबवण्यात आली. 1 जानेवारी 2026 पासून शुल्क पुन्हा लागू झाले, तरी मागणी थांबलेली नाही आणि तिच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवादही जसेच्या तसे आहेत. गिरण्यांना स्वस्त रुई मिळाली पाहिजे, निर्यात वाचली पाहिजे, शेतकऱ्याला हमीभाव आहेच, मग अडचण कुठे आहे, असे विचारले जाते. अडचण कुठे आहे ते नागपूर जिल्ह्यातल्या कन्हानच्या आसपास नीट दिसते. कन्हानचे नाव बाहेर कोळशाच्या खाणींमुळे माहीत आहे. पण खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांपलीकडे पारशिवनी तालुक्याच्या शिवारात पऱ्हाटी उभी असते आणि सावनेर, काटोल, हिंगण्यापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब याच पिकावर चालतो. या शेतकऱ्याच्या बाजूने माझे म्हणणे एवढेच आहे: शुल्क किती असावे यावर दुमत असू शकते, पण पेरणी होऊन गेल्यावर ते बदलण्याचा अधिकार कोणत्याही सरकारने वापरू नये.

तारखा ओळीने लावल्या की या म्हणण्यामागचे कारण स्पष्ट होते. 2025-26 च्या खरीप हंगामाचे हमीभाव केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 मे 2025 रोजी मंजूर केले. मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,710 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये ठरले. त्या दिवशी परदेशी कापसावर 11 टक्के शुल्क होते. शेतकऱ्याने जूनमध्ये या दोन गोष्टी गृहीत धरून बियाण्याची पाकिटे घेतली, खत टाकले, मजूर लावून निंदण केले, फवारण्या सुरू केल्या. 19 ऑगस्टला शुल्क गेले तेव्हा पीक पात्या-फुलांवर होते. त्या दिवशी त्याला पऱ्हाटी उपटून तूर लावता येत नव्हती आणि घातलेला खर्च परत मिळत नव्हता. सवलतीची वाढीव मुदतही ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांवर येऊन पडली, म्हणजे नेमक्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या आणि बाजारात सर्वाधिक आवक येण्याच्या काळावर. कारखानदाराच्या कच्च्या मालाचा भाव बदलला तर तो पुढच्या महिन्याची खरेदी बदलतो. शेतकऱ्याचा निर्णय वर्षातून एकदाच होतो आणि तो घेतल्यावर मागे फिरता येत नाही. धोरण ठरवताना हा फरक विसरला गेला, आणि उरलेला सगळा वाद या विसरण्यातून निघतो.

हे शुल्क किती मोठे आहे, याचा हिशेब रुपयांत मांडायला हवा. 2021 च्या अर्थसंकल्पात ते लावले गेले तेव्हा 5 टक्के मूळ सीमाशुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि या दोन्हींवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार अशी त्याची बांधणी होती. बेरीज 11 टक्के. समजा परदेशी रुई आपल्या बंदरात किलोला 150 रुपयांनी उतरते. तिच्यावरचे शुल्क साडेसोळा रुपये होते. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे शुल्क पूर्ण उठले आणि त्याचा पूर्ण परिणाम देशी भावावर झाला, तर कापसाच्या क्विंटलमागे सुमारे 560 रुपयांचा आधार जातो. एकरी पाच क्विंटल पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा फटका एकरी 2,800 रुपयांचा आहे. परिणाम पूर्ण होत नाही, अर्धाच होतो, असे कोणी म्हटले तरी एकरी 1,400 रुपये उरतातच. आणि परिणाम होतो की नाही, हे बाजाराने लगेच दाखवले. सवलत जाहीर होताच कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्याकडच्या गाठींच्या विक्रीदरात दोन दिवसांत खंडीमागे 1,100 रुपयांची कपात केली. खंडी म्हणजे 356 किलो रुई. कापसाच्या हिशेबात ही घट क्विंटलमागे शंभर रुपयांहून अधिक भरते. त्या वेळी एकही नवे बोंड वेचलेले नव्हते. येणाऱ्या हंगामाचा भाव मात्र खाली सरकू लागला होता.

यावर पहिले उत्तर हमीभावाचे दिले जाते. बाजार पडला तर सीसीआय 8,110 रुपयांनी घेईलच, मग आयातीने शेतकऱ्याचे काय बिघडते? सीसीआयचे काम कमी लेखण्याचे कारण नाही. 2024-25 च्या हंगामात खुला बाजार हमीभावाच्या खाली राहिला आणि सीसीआयने सुमारे 100 लाख गाठींचा कापूस विकत घेतला, ही मोठी खरेदी होती. पण देशाचे उत्पादन 300 लाख गाठींच्या आसपास होते. म्हणजे तीनपैकी दोन गाठींचा कापूस खुल्या बाजारातच विकला गेला आणि त्याचा भाव आयातीने, अफवेने, सरकीच्या दराने ठरला. हमीभावाच्या दारापर्यंत पोहोचायलाही अटी आहेत. 2025-26 पासून मोबाईलवरच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, कापसातला ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की ग्रेडर गाडी परत पाठवतो. परतीचा पाऊस लांबला तर पहिल्या वेचणीचा कापूस या अटीत बसत नाही. दिवाळीची देणी, वेचणीची किलोमागची रोख मजुरी आणि कृषी केंद्राची उधारी दारात उभी असताना ज्याच्याकडे साठवायला जागा नाही, तो ओला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर टाकतो. त्याचा भाव हमीभाव ठरवत नाही. म्हणून हमीभाव आणि आयात शुल्क या एकाच संरक्षणाच्या दोन बाजू आहेत. एक बाजू काढून घेतली की दुसरीवरचा भार वाढतो. तो भार शेवटी सरकारी तिजोरीवरच येतो, कारण सरकार एका हाताने शुल्काचे उत्पन्न सोडते आणि दुसऱ्या हाताने पडलेल्या भावात विकल्या जाणाऱ्या गाठींचा तोटा भरून काढते.

दुसरा युक्तिवाद निर्यातीचा आहे आणि तो सर्वात वजनदार आहे. अमेरिकेने 7 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के शुल्क लावले. तिरुपूर, सुरत, पानिपतसारख्या केंद्रांवर संकट आले हे खरे आहे. वस्त्रोद्योगात सुमारे साडेचार कोटी लोकांना थेट रोजगार आहे, असे सरकार सांगते. त्यातल्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या कामगाराचे पोट कापूस पिकवणाऱ्याच्या पोटापेक्षा कमी मोलाचे नाही, म्हणून या युक्तिवादाला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. उत्तर नियमांतच आहे. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्क न भरता आणण्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. तिचे नाव ॲडव्हान्स ऑथोरायझेशन योजना. जो कारखानदार परदेशी रुई आणून तिचे सूत, कापड किंवा कपडे परदेशी पाठवतो, त्याला या योजनेत 11 टक्के भरावे लागतच नाहीत. मग सरसकट माफीचा जादा लाभ कोणाला झाला? ज्याने परदेशी रुई आणून देशातल्याच बाजारात माल विकला त्याला. अमेरिकेच्या शुल्काचा आणि त्याचा संबंध नाही. छोट्या निर्यातदाराला या योजनेची कागदपत्रे झेपत नाहीत, बँक हमी आणि मुदतीच्या अटी जाचक वाटतात, ही तक्रार ग्राह्य आहे. तर त्या अटी सोप्या कराव्यात, निर्यातदाराला व्याजात सवलत द्यावी, नव्या बाजारपेठांसाठी मदत द्यावी. हा खर्च संपूर्ण देशाने करायचा आहे. वॉशिंग्टनने लावलेल्या शुल्काची भरपाई पारशिवनीच्या शेतकऱ्याच्या कापसातून करणे हा त्यावरचा न्याय्य उपाय नाही. शिवाय ही माफी एकतर्फी होती. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांनाच आपली बाजारपेठ मोकळी झाली आणि बदल्यात आपल्या एकाही मालावरचे शुल्क कमी झाले नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ठेवण्यासारखी गोष्ट आपण टेबलावर बसण्याआधीच देऊन टाकली.

तिसरा मुद्दा दर्जाचा. भारतात अतिलांब धाग्याचा कापूस पुरेसा पिकत नाही, तलम कापडासाठी तो बाहेरून आणावाच लागतो, असे सांगितले जाते. हे खरे आहे आणि त्याची सोय होऊनही गेली आहे. 32 मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसावरचे शुल्क फेब्रुवारी 2024 मध्येच उठवले गेले. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या आणि 29 डिसेंबर 2022 पासून अमलात आलेल्या करारात तिथल्या 51,000 टन कापसाला दरवर्षी शुल्कमुक्त वाट दिलेली आहे. म्हणजे जो कापूस आपल्याकडे कमी पिकतो त्याच्यावरचे शुल्क 2025 च्या ऑगस्टपूर्वीच सुटलेले होते. ऑगस्टमध्ये जे उठले ते आपल्या शेतात पिकणाऱ्या कापसाशी थेट स्पर्धा करणाऱ्या कापसावरचे शुल्क होते. दर्जाच्या नावाने मागितलेली सवलत आणि प्रत्यक्ष मिळालेली सवलत या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

वस्त्रोद्योग स्वतः संरक्षणाच्या विरोधात असता, तर त्याच्या मागणीत किमान सुसंगती असती. तशी ती नाही. ज्या वर्षी कापसावरचे शुल्क माफ झाले त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या विणलेल्या कापडांवरचे मूळ शुल्क 20 टक्के किंवा किलोला 115 रुपये, यांतले जे जास्त असेल ते, असे वाढवण्यात आले. स्वस्त परदेशी कापडापासून देशी उद्योगाला वाचवणे हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू मला मान्य आहे. पण कापड विणणाऱ्याला किलोमागे किमान 115 रुपयांचे कवच द्यायचे आणि त्या कापडाचा कापूस पिकवणाऱ्याचे किलोमागे साडेसोळा रुपयांचे कवच काढून घ्यायचे, हे एकाच वर्षात एकाच सरकारने कसे समर्थनीय ठरवावे? आपल्या इतिहासाने हा प्रश्न आधी एकदा उलट्या बाजूने विचारलेला आहे. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी सुती कापडावरचे शुल्क उठवले. 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवताना लँकेशायरच्या मालकांचे समाधान व्हावे म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. तो जायला 1926 उजाडले. 1877 मध्ये नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसह साऱ्या हिंदी गिरण्यांनी तो अन्याय सोसला आणि टिळकांसह साऱ्या राष्ट्रीय चळवळीने गिरण्यांची बाजू उचलली. कारण तत्त्व सरळ होते: जवळ बसलेल्याच्या दबावाखाली दूर बसलेल्याच्या उत्पन्नावर कर-शुल्काचे निर्णय होऊ नयेत. त्या वेळी दूर बसलेल्या गिरण्या होत्या. आज दूर बसलेला शेतकरी आहे, आणि तत्त्व बदललेले नाही.

चौथा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा आहे. भारताची हेक्टरी उत्पादकता 450 किलो रुईच्या आसपास अडकली आहे, ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाची तिच्या कितीतरी पट आहे. शुल्काचे कवच दिले तर सुधारणा होणार नाही, असे ते म्हणतात. उत्पादकता कमी आहे हे नाकारून चालणार नाही. 2013-14 मध्ये 400 लाख गाठींच्या जवळ गेलेले उत्पादन दहा वर्षांत 300 लाखांवर आले. पण ही घसरण शुल्कामुळे झालेली नाही. बराच काळ शुल्क शून्य असतानाच ती सुरू झाली. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावर आहे, गुलाबी बोंडअळीने दुसऱ्या पिढीच्या बीटी वाणांना दाद देणे सोडले आहे आणि 2006 नंतर नवे तंत्रज्ञान शेतापर्यंत अधिकृतपणे आलेले नाही. स्वस्त आयातीने यातली कोणती अडचण सुटते? केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. तिच्या सघन लागवडीच्या शिफारशी, लवकर येणारी वाणे, संरक्षित ओलिताचे एक-दोन पाणी यांनी उत्पादन वाढेल आणि त्यासाठी पैसा लागेल. तो उभा राहावा म्हणूनच या शुल्कात 5 टक्के कृषी उपकर घातला होता. शुल्क माफ झाले तेव्हा शेतीच्या नावाने गोळा होणारा हा उपकरही माफ झाला. स्पर्धेचा धडा देणाऱ्यांनी समोरचा स्पर्धक कसा उभा आहे तेही सांगावे. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, खटला जिंकला आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन तो मिटवला. सरकारी पैशावर उभ्या असलेल्या कापसाशी कोरडवाहू शेतकऱ्याने शून्य शुल्कात झुंजावे, याला कार्यक्षमतेची परीक्षा म्हणता येत नाही.

पाचवा प्रश्न प्रामाणिक आहे: 2021 पूर्वी शुल्क नव्हते, 2022 मध्येही ते माफ केले होते, तेव्हा आकाश कोसळले का? इथेच नियमाची गरज सिद्ध होते. जगाचा भाव देशी भावाच्या वर असतो तेव्हा शुल्क शून्य असले तरी बाहेरचा कापूस येत नाही आणि शेतकऱ्याला झळ लागत नाही. 14 एप्रिल 2022 ला शुल्क माफ झाले तेव्हा कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला होता, हमीभाव 6,025 होता आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातला माल विकून झाला होता. त्या वेळी गिरण्यांना दिलासा देण्यात गैर नव्हते. उशिरापर्यंत कापूस धरून ठेवलेल्या काहींना त्याची झळ बसली असेल, पण तो हमीभावाच्या कितीतरी वरचा भाव होता. 2025 ची गोष्ट याच्या नेमकी उलट. भाव हमीभावाखाली, सीसीआयची गोदामे भरलेली, नवे पीक शेतात आणि 2024-25 मधली आयात आधीच्या वर्षीच्या 15 लाख गाठींवरून 40 लाख गाठींच्या घरात पोहोचलेली. एकच उपाय दोन विरुद्ध परिस्थितींत वापरला गेला, कारण उपाय कधी वापरायचा याचा कोणताही लिखित नियम नाही.

कापड महागेल ही भीतीही तपासून पाहावी. एका सुती शर्टला वाया जाणारा भाग धरून तीनशे ग्रॅम रुई लागते असे मानले, तर पूर्ण शुल्काचा त्यातला वाटा पाच रुपये होतो. शेकडो रुपयांच्या शर्टात एवढ्या रकमेने ग्राहकाचे काही अडत नाही. आणि ही गोष्ट कापसापुरती नाही. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून जवळपास दोन वर्षे शुल्काविना येत राहिला आणि तूर-हरभऱ्याचे भाव दाबले गेले. खाद्यतेलावरचे शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये वाढवून 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलासाठी पुन्हा उतरवले गेले. दरवेळी कारण वेगळे दिले जाते, पण अनिश्चितता दरवेळी त्याच माणसाच्या वाट्याला येते.

म्हणून मागणी शुल्क वाढवण्याची नाही, नियम करण्याची आहे. हमीभाव जाहीर होतो त्याच दिवशी, पेरणीपूर्वी, पुढच्या ऑक्टोबर ते सप्टेंबर या विपणन वर्षाचे आयात शुल्कही जाहीर व्हावे. कृषी खर्च व मूल्य आयोगाने हमीभावासोबत त्याची शिफारस करावी. मध्येच शुल्क कमी करायचे तर अट अशी असावी: प्रमुख बाजार समित्यांतला सरासरी भाव सलग काही आठवडे हमीभावाच्या किमान 25 टक्के वर राहिला पाहिजे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या आवकेच्या महिन्यांत कोणतीही कपात होऊ नये. निर्यातदाराची गरज ॲडव्हान्स ऑथोरायझेशनमधून, सोप्या अटींवर, पूर्ण भागवावी. या नियमात गिरण्यांचेही हित आहे, कारण टंचाईच्या वर्षी दार उघडण्याची हमी त्यांना आपोआप मिळते आणि दिल्लीत अर्ज-विनंत्या करत फिरावे लागत नाही. अशाने सरकारचे हात बांधले जातील, असे कोणी म्हणेल. ते बांधायलाच हवेत. आज सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 25 खाली एका अधिसूचनेने हे शुल्क रातोरात शून्यावर येते. संसदेत चर्चा होण्यापूर्वी जहाजे निघालेली असतात. लाखो कुटुंबांच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा निर्णय लोकशाहीत असा होता कामा नये.

यंदाच्या जूनमध्ये कन्हानच्या शिवारापासून यवतमाळपर्यंत पुन्हा पेरणी होईल. शुल्क आज लागू आहे, पण ते ऑगस्टमध्ये असेल का, हे शेतकऱ्याला सांगणारा एकही कागद सरकारने काढलेला नाही. विदर्भातल्या प्रत्येक खासदाराने, कोणत्याही पक्षाचा असो, पेरणीपूर्वी केंद्राकडून हा कागद मिळवावा आणि मिळाला नाही तर का मिळाला नाही याचे उत्तर मतदारांना द्यावे. सरकारने शेतकऱ्याकडून पेरणीची जोखीम घेण्याची अपेक्षा ठेवायची असेल, तर निदान पीक घरात येईपर्यंत आपला शब्द पाळण्याची जबाबदारी सरकारची आहे.